नाल्यात धुतलेले ड्रम

"सही करा, बाई. पोरांना प्यायला पाणी नाही," मुख्याध्यापक सर म्हणाले. मी पेन टेबलावर ठेवलं.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधली आमची शाळा. नव्वदीची सुरुवात. पाण्याची टाकी फुटली होती आणि तिच्या जागी घ्यायचे निळे प्लॅस्टिकचे ड्रम व्हरांड्यात येऊन उभे होते. मी केमिस्ट्री शिकवायचे. खरेदी समितीत सर्वांत नवी, नोकरीत टेम्पररी. रविवारी प्रदूषणाविरुद्ध पत्रकं वाटायचे, त्यामुळे आधीच डोळ्यांत खुपत होते.

शाळेची खरेदी सोपी असते. दुकानदारांकडून कोटेशन, म्हणजे लेखी भाव, मागवायचे. सर्वांत स्वस्त ते उचलायचं. वस्तू आली कुठून, हे कुणी विचारत नाही. मी ड्रमवाल्या शेठना विचारलं.

"शेठ, यात आधी काय होतं?"

"कंपनी का माल, मॅडम. केमिकल-बिमिकल. अभी एकदम साफ."

"सगळं उल्हासनगर असल्याच ड्रमातलं पाणी पितं, बाई," सर म्हणाले. "माझ्या घरी पण आहे."

"म्हणून पोरांनीही प्यायचं? प्लॅस्टिक केमिकल शोषून घेतं, सर. कितीही धुवा, पाण्यात ते उतरत राहतं."

शेठना राग आला. त्यांच्या धुलाईवर मी शंका घेतली होती ना! "सोडा मारके, ब्रश घिसके धोया है. खुद खडा रहके."

"कुठे?"

"इधरही. आपके स्कूल के पीछे, नाले पे."

मोठ्या अभिमानाने सांगितलं त्यांनी.

मी म्हटलं, "सर, वर्गात नाल्याचा वास येतो म्हणून आपण नगरपालिकेकडे किती अर्ज केले? तोच वास आज आपण पैसे देऊन घेतोय."

"भाषण नको. इथे पत्रकं वाटायची नाहीत. सही करणार की नाही? पर्मनंट व्हायचंय ना तुम्हाला?"

"व्हायचंय. सही नाही करणार."

मी उठले आणि ऑफिसची मागची खिडकी उघडली. ती आम्ही कधीच उघडत नसू. भपकारा आत आला. शेठनी झटकन नाकाला रुमाल लावला.

"बंद करो, मॅडम! बास आती है!"

सरांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा रुमालाकडे.

"ड्रम टेम्पोत चढवा, शेठ," ते म्हणाले. मग माझ्यावर खेकसले, "आणि पाण्याचं काय?"

"मातीचे रांजण. अंबरनाथला कुंभार आहेत."

"फुटतील."

"फुटले तर मातीच होईल, सर."

रांजण आले. मला त्या वर्षी पर्मनंट केलं नाही. नाला तसाच वाहत राहिला. ते ड्रम दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या शाळेने घेतल्याचं कळलं, तेव्हा पुढच्याच सोमवारी मी त्यांच्या गेटवर पत्रकं घेऊन उभी होते. पत्रकावर एकच ओळ होती: भाव नंतर विचारा, आधी विचारा, धुतलं कुठे?