कोरियावाला उठला का? कॅम्प एक ते हेंद्रेपाडा

ही भटकंती एका दिवसाची, नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची. नाशिकला आमच्या व्हिडिओवाल्याने जुन्या कॅसेट विकायला काढल्या आणि त्या ढिगात एका कव्हरवर मला कोरियावाला दिसला, लहानपणी पाहिलेल्या मारामारीच्या सिनेमांतला माझा हिरो. हवेत आडवा, एक पाय सरळ ताणलेला. घरी आणून पहिल्यांदाच त्याचा सिनेमा पूर्ण पाहिला आणि हबकले. माझा हिरो व्हिलन होता! शेवटी मार खाऊन चक्क मरतो.

"उद्या उल्हासनगरला जातेय," मी नवऱ्याला सांगितलं.

"तिथे काय आहे बघायला?"

"पुष्पी आहे. तिला एक विचारायचंय."

सकाळच्या एसटीने कल्याण आणि तिथून शेअर रिक्षाने शहाडचा पूल ओलांडून उल्हासनगरचा कॅम्प एक. तुम्ही गेलात तर सकाळीच जा आणि उपाशी जा. सिंधी दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कुरकुरीत तळलेली पुरी, खाल्ल्याशिवाय तिथून हलायचं नसतं, आणि खाल्लं की दुपारच्या जेवणाचा खर्च वाचतो.

ऐंशीच्या दशकात आम्ही इथे चाळीत राहायचो. मी आणि पुष्पी एकाच वर्गात. मागच्या गल्लीत एका सिंधी अंकलने घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ लावला होता. दर रविवारी मारामारीचे सिनेमे, प्रेक्षक सगळे बाप्ये. पोरींना मनाई. पण आंटी आम्हाला मागच्या दाराने स्वयंपाकघरात घ्यायची. दाराच्या मधोमध ती पापड लाटत बसायची, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पुष्पी. दार अरुंद, त्यामुळे मला टीव्हीचा उजवा अर्धा भाग दिसायचा, तिला डावा. घरी जाताना आम्ही आपापला अर्धा सिनेमा एकमेकींना सांगायचो.

कोरियावाला माझ्या अर्ध्यात उभा असायचा. काय त्याच्या लाथा! शेवटच्या मारामारीत तो उडून पुष्पीच्या अर्ध्यात जायचा आणि बाहेर शिट्ट्या वाजायच्या.

"पुढे काय झालं?" मी रस्त्यात विचारायची.

"काय होणार? उठला ना."

पुढच्या रविवारी नव्या सिनेमात तो परत यायचाच. म्हणजे उठलाच असणार.

त्याच गल्लीत गेले. आंटी आता थकली होती, पण पापडाचा पोळपाट तोच. "तू वो राइट साइडवाली ना?" तिने मला ओळखलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पुष्पीचं कुटुंब आमच्यानंतर अंबरनाथला गेलं, ती तिथल्या एमआयडीसीत पॅकिंगला आहे, एवढं तिला माहीत होतं. "मिलेगी तो बोलना, आंटी याद करती है."

रिक्षाने अंबरनाथ. पाठ पार खिळखिळी झाली. शिफ्ट सुटायच्या वेळेला गेटपाशी जा, कोणाचाही पत्ता लागतो. औषधाच्या बाटलीसारखा वास घशात बसतो, तेवढं सोसायचं. रिक्षात दाटीवाटीने बसलेल्या बायकांना विचारलं. एक म्हणाली, "पुष्पाताई ना? त्यांची आज सुट्टी. बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहतात. बस, सरक जरा गं, हिला घे."

तशी मी बदलापूरला पोचले. वाटेत कॅसेटच्या कव्हरमागचा मजकूर पुन्हा वाचला. लहानपणापासून वडिलांच्याच शाळेत लाथा शिकला. हाँगकाँगवाल्यांना त्याचे पाय हवे होते. तिथली भाषा येईना, म्हणून व्हिलन. सिनेमामागून सिनेमा तो पडत राहिला. आपल्या देशात परतून एकदाच हिरो झाला, तो सिनेमा पडला. मग कुठल्या तरी दूरच्या देशात मुलांना शिकवायला लागला. मला त्याचा फार कळवळा आला.

पुष्पीने दार उघडलं, बघत राहिली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "शोभे! येडी, एवढ्या वर्षांनी?"

चहा झाला, पोहे झाले. शेवटी मी विचारलंच, "पुष्पे, तो पडायचा ना गं?"

ती हसली. "पडायचा. दर वेळी."

"मग 'उठला' असं का सांगायचीस?"

"पडला म्हटलं असतं तर तू घरापर्यंत तोंड पाडून चालली असतीस. माझी आई गेल्यापासून घरात बाबा एक शब्द बोलायचे नाहीत. दिवसभरातलं माझं बोलणं म्हणजे तोच रस्ता होता. तो कशाला घालवू?"

मी कॅसेट तिच्या हातात दिली.

"आमच्याकडे व्हिडिओ कुठाय? तूच ठेव. नाशिकला येऊन बघेन."

ती मला स्टँडपर्यंत सोडायला आली. चालता चालता म्हणाली, "सांग ना, तुझ्या बाजूचं." मी सांगितलं. तिने तिच्या बाजूचं सांगितलं. शेवटाशी आल्यावर थांबली आणि म्हणाली, "मग उठला."

"उठला," मी म्हटलं. पूर्ण सिनेमा पाहिलेला असूनही.

घरी नवऱ्याने विचारलं, काय पाहिलंस? देऊळ पाहिलं नाही, नदी पाहिली नाही. रिक्षा आणि एसटी मिळून खर्च मात्र भरपूर झाला. पुष्पीबरोबरचं ते स्टँडपर्यंतचं चालणं मात्र मला अजून हवंसं वाटतं, रोज.

आमचा व्हीसीआर कधीच भंगारात गेला. कॅसेट कपाटात आहे. दिवाळीला पुष्पीचा फोन येतो.

"आहे ना गं अजून? टाकू नको. यायचंय मला."

दर वर्षी हेच म्हणते. म्हणजे येणारच असणार.