पाय टेकण्यापुरते बूट

नॉटिंगहॅमच्या एका इस्पितळात मी कर्मचाऱ्यांना घसरून न पडण्याचं प्रशिक्षण देते. ओल्या फरशीवर पिवळी पाटी कधी ठेवायची, कसल्या तळव्याचे बूट वॉर्डात चालतील, असं सगळं स्लाइड दाखवून सांगते. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर नंतर कळलं की जास्त लाज वाटते.

पन्नाशीला तीन वर्षं उरली असताना मी मोटरसायकल घेतली. हौस नव्हती. सकाळी सातच्या पाळीला पोचवणारी बस बंद झाली, आणि घरातली एकुलती कार नवरा उलट्या दिशेला घेऊन जातो. एका दिवसाचं प्रशिक्षण घेतलं, शिकाऊ म्हणून तांबडा 'एल' चिकटवला आणि जाऊ-येऊ लागले. त्या प्रशिक्षणाचा दाखला दोन वर्षं चालतो. तोवर परीक्षा पास झाली नाही, तर गाडी बंद. पुन्हा मैदानात जाऊन प्लास्टिकच्या शंकूंभोवती फिरायचं. माझ्या दाखल्याचे तीन आठवडे उरले होते आणि पहिल्या परीक्षेत मी नापास झाले होते.

नापास कशी झाले, तर पायात साधे खेळाचे बूट होते. पाऊस होता. सिग्नलला थांबले आणि डावा पाय टेकला तो नेमका रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघेवर. माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे पाय म्हणजे चवडाच टेकतो. तो सरकला आणि गाडी अगदी सावकाश, माझ्या देखत आडवी झाली. मागून येणाऱ्या परीक्षकाने कानातल्या रेडिओवर विचारलं, "आर यू ऑल राइट?" मी "येस, फाइन" म्हणाले. गाडी आडवीच होती.

दुसरी तारीख अकरा दिवसांनी होती. शनिवारी नवऱ्याला घेऊन मोटरसायकलवाल्यांच्या बुटांच्या दुकानात गेले. दुकानदार साठीचा, चष्मा कपाळावर.

"कशावर घसरलात?"

"पांढऱ्या रेघेवर."

"सगळे तिथेच घसरतात," तो म्हणाला.

बायकांच्या फळीवर गुलाबी फुलांचे बूट होते, तळवे माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखे गुळगुळीत. ते त्याने हाताने बाजूला सारले आणि मुलांच्या मापाचे काळे चामड्याचे बूट काढले. मऊ रबराचा तळवा, पाणी बाहेर पडायला खोल खाचा, गिअर पायाला कळेल इतपत पातळ, आणि लेस नाही, कारण लेस गिअरमध्ये अडकते. दुकानाच्या कोपऱ्यात त्याने गटाराचं एक जुनं लोखंडी झाकण ठेवलं होतं. त्यावर मगभर पाणी ओतून म्हणाला, "उभ्या राहा आणि पाय सरकवून बघा." पाय हलेना. घेतले.

बूट उत्तम होते, फक्त घोट्याशी कडक. आता आमच्याकडे जे जे कडक, कोरडं किंवा कुरकुरणारं असतं, त्याला खोबरेल तेल लागतं. डोकं, टाचा, दाराची बिजागरी. इथल्या थंडीत बाटलीत त्याचा पांढरा दगड होतो, म्हणून ती खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर ठेवून वितळवली आणि बूट चोळून काढले. काम अर्धवट केलेलं मला चालत नाही. तळवेही चोळले, रबराला भेगा पडू नयेत म्हणून.

सोमवारी सकाळी इस्पितळाच्या फाटकाशी गाडी थांबवली, पाय टेकला आणि तो निघूनच गेला. बाजूला कौन्सिलचा कचऱ्याचा डबा होता. त्याला मिठी मारली म्हणून गाडी उभी राहिली. आमच्या वॉर्डातला सफाई कर्मचारी समोरून येत होता. मागच्याच महिन्यात तो माझ्या प्रशिक्षणाला बसला होता.

"पिवळी पाटी आणू का?" त्याने विचारलं.

पुढच्या शनिवारी मी बूट पिशवीत घालून नवऱ्याबरोबर पुन्हा दुकानात गेले. काय बोलायचं ते कारमध्ये दोनदा म्हणून घेतलं होतं. ग्राहकाचे हक्क, जिवाचा धोका, सगळं. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

दुकानदाराने ऐकून घेतलं, झाकणावर पाणी ओतलं आणि मला उभं केलं. मी सरकत त्याच्या काउंटरपर्यंत गेले. त्याने बूट उलटा केला, खाचेतून नखाने काहीतरी पांढरं काढलं, बोटावर चोळलं, हुंगलं.

"नारळ?" तो म्हणाला.

माझं भाषण अजून निम्मं बाकी होतं.

"मी विचारलं होतं, खालीपण लावतेस का," नवरा मराठीत म्हणाला.

"मग मी काय म्हणाले?"

"म्हणालीस, तू तुझं बघ."

दुकानदाराने मेणाची एक डबी दिली. बुटाच्या वरच्या भागावर बोट ठेवून "इथे" म्हणाला, मग तळव्यावर बोट ठेवून नकारार्थी मान हलवली. लहान मुलाला सांगतात तसं. संध्याकाळी भांडी घासायचा साबण, गरम पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन मी एकेक खाच घासली. मग मोरीतली फरशी ओली करून त्यावर उभी राहिले, पाय सरकवले, परत घासले. नवऱ्याने दार लोटून बघितलं आणि काही न विचारता परत लोटलं.

परीक्षेच्या दिवशी पाऊस होताच. पहिल्याच सिग्नलला रेघेच्या अलीकडे थांबले, चवडा टेकला. रबराने रस्ता धरला. रेडिओवरून परीक्षक पुढच्या वळणाचं काहीतरी सांगत होता, पण माझं लक्ष डाव्या पायाकडे होतं. त्या गडबडीत एक वळण चुकले. वळण चुकल्याने नापास करत नाहीत. पाय घट्ट राहिला, गाडी उभी राहिली, मी पास झाले.

प्रशिक्षणात आता एक नवी स्लाइड आहे: तेलकट तळव्याचा फोटो. बूट कोणाचा ते मी सांगत नाही. पण तो सफाई कर्मचारी परवा उजळणीला आला होता. फोटो लागल्यावर त्याने आधी पडद्याकडे पाहिलं, मग टेबलाखाली माझ्या पायांकडे, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं.