खळ्यावरची खुर्ची

धाकट्या भावाला मी माझी एक किडनी दिली, हे मी जगाला सांगत सुटायचे. खोटं कशाला बोलू! एसटीत शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा सांगायचे. सासर भिवंडीत, माहेर अंबाडीजवळ. दर रविवारी मी माहेरी हजर, सामानाची तपासणी करायला निघालेल्या मुकादमासारखी.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून ह्याला कायम गोळ्या घ्याव्या लागतील, आणि त्या गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकद कमी राहील. शेतात, धुळीत पाठवू नका. आम्ही काय ऐकलं? काम नको. आमच्याकडे शेत म्हणजे काम, दुसरं काय असतं तिथे? त्याने साधी बादली उचलली तरी मी ओरडायचे, "ठेव ती खाली! आत माझी वस्तू हाय."

त्या वर्षी दिवाळीत नको तेव्हा पाऊस झाला. भाताचे भारे भिजले. वरून वाळले, पण आतून काळपट, कुबट. झोडणीच्या वेळी मालक खळ्यावर समोर बसला पाहिजे, त्याशिवाय धान्याला बरकत नाही, ही आमच्या घरची रीत. भावजय म्हणाली, "यंदा ह्यांना घरातच राहू द्या ना." मी तिलाच झापलं. "बसायला काय होतंय? काडी उचलू देणार न्हाय मी त्याला!"

आंब्याखाली सावली बघून मीच प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली. शेजारी पाण्याचा तांब्या. भारा आपटला की करडी धूळ उठायची आणि वाऱ्याबरोबर आंब्याकडे जायची. आम्ही बायकांनी पदराने नाक-तोंड बांधून घेतलं होतं. तो तीन दिवस राजासारखा बसून राहिला. त्याच्याकडे बघून मला इतकं बरं वाटत होतं!

पंधरा-वीस दिवसांनी ताप आला. गावच्या डॉक्टरांच्या औषधांनी हटेना. मग खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा त्याला ऑपरेशनच्या हॉस्पिटलात नेलं. छातीचा स्कॅन झाला, नळी घालून आतलं पाणी तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसात बुरशी झाली आहे.

"बुरशी भाकरीला येते, लोणच्याला येते," मी म्हटलं. "माणसाला कशी येईल?"

त्यांनी न चिडता समजावलं. बुरशीचे कण आपल्या सगळ्यांच्याच नाकात जातात, धडधाकट शरीर ते निपटून टाकतं. ह्याच्या शरीराला त्या गोळ्यांमुळे ते जमलं नाही. मग विचारलं, "शेतात काम केलं का ह्यांनी?"

"छे! एक काडी उचलली नाही. नुसता बसला होता."

"कुठे?"

मी सांगितलं. सांगता सांगताच मला ती धूळ दिसायला लागली. त्यांनी ते फक्त कागदावर लिहून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुरशीवरचं औषध शिरेतून सुरू झालं. ते चढलं की तो थरथर कापायचा. ते औषध किडनीला जड, शिवाय त्याला लढता यावं म्हणून नेहमीच्या गोळ्याही कमी करायच्या होत्या. किडनी जाऊ शकते, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. भावजय माझ्याकडे बघत राहिली, परवानगी मीच द्यायची असल्यासारखी. मला तिच्यासमोर माझीच लाज वाटली.

"माणूस वाचवा," मी म्हटलं. "किडनी गेली खड्ड्यात!" आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन ढसाढसा रडले.

माणूस वाचला. किडनी काही महिन्यांनी बंद पडली. पुन्हा डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. मी सोबतीला जायचे, पण तो माझ्याशी नजर मिळवायचा नाही. मला वाटायचं, राग आला असणार, आणि यावाच. एसटीतल्या बायकांना सांगणं तर माझं केव्हाच बंद झालं होतं.

एकदा मशीन चालू असताना भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "ताई, तुझी वस्तू मला सांभाळता आली न्हाय."

मला राहवेना. "अरे वेड्या, खुर्ची मी ठेवली होती तिथं!"

तो माझ्याकडे वळला. कितीतरी दिवसांनी.

"सावली बघून ठेवली होतीस," तो म्हणाला.