आमच्याच घराविरुद्धची अर्जी

मुलांनो, तुमच्या निरोपांना मी उशिरा उत्तर देते, कारण लिहिलेलं मोठ्यानं वाचल्याशिवाय मी पाठवत नाही. ही सवय मला परंड्याच्या माझ्या आजोबांनी लावली.

त्यांचे वडील निजामाच्या दरबारातले राजकारणी. वर्षातले दहा महिने हैदराबादेत. एकोणिसावं शतक सरत आलं होतं, आजोबा सोळा-सतरा वर्षांचे होते. वडिलांकडे पाठवायच्या अर्ज्या गावकरी आजोबांकडून लिहून घेत. वडिलांचा दंडक होता: अर्जी ज्याची, त्याला ती वाचून दाखवायची आणि त्यानं 'व्हय' म्हटल्यावरच लखोटा बंद करायचा.

एकदा शेजारच्या बागेतली विधवा आली. आजोबा तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. विहीर दोन्ही घरांची सामाईक, गुरुवारी मोट तिची. ऐन उन्हाळ्यात तीन गुरुवार तिला पाणी मिळालं नव्हतं. आंब्याची नवी रोपं वाळत होती.

आजोबांनी अर्जी वाचली, "कोणीतरी माझी पाळी घेतली."

"कोणीतरी म्हंजी कोण, छोटे सरकार? भुतानं मोट हाणली व्हय? तुमच्या गड्यानं हाणली. तसं लिव्हा की!"

"मला ठाऊक होतं गं," आजोबा मला सांगत, "म्हणूनच तर तसं लिहिलं होतं." त्यांनी गड्याला आधीच सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला होता, "मोठे सरकार सांगतील तवा सोडीन."

त्यांनी नवा कागद घेतला आणि 'सरकारांच्या गड्यानं' असं स्पष्ट लिहिलं. खाला 'व्हय' म्हणाली. त्यांची आई मात्र भडकली, "बापाकडं बापाच्याच घराची तक्रार! शहाणा गं बाई माझा!"

पंधरा दिवसांनी हैदराबादहून दोन ओळी आल्या. गुरुवार खालाचा. बुडालेल्या तीन पाळ्या आपल्या वारांतून द्याव्यात, आणि पाणी वळवायला दारं चिरंजीवांनी स्वतः धरावं.

दरबारातल्या माणसाचा मुलगा धोतर खोचून, हातात खोरं घेऊन चिखलात उभा राहिला आणि आळ्याआळ्यात पाणी वळवू लागला. बांधावरून खाला ओरडत होती, "तिकडं लई झालं सरकार, हिकडं फोडा!"

दोन रोपं गेली, बाकीची जगली. त्या झाडांचे आंबे मी लहानपणी खाल्ले आहेत. थोडे आंबट होते. आजोबांसमोर मात्र तसं म्हणायची सोय नव्हती.