साडभाऊंचा फुटबॉल क्लब

जगात फुटबॉलचा इतिहास दोनच ठिकाणी घडला, एक इंग्लंडात आणि दुसरा नांदुऱ्याच्या रेल्वे फाटकापलीकडच्या मैदानावर, असं माझ्या साडभाऊंचं ठाम मत आहे. आणि इंग्लंडचं त्यांनी नुसतं ऐकलेलं असल्यामुळे त्याची खात्री ते देत नाहीत. आमच्या दोघांच्या बायका उंद्रीच्या, सख्ख्या बहिणी. थोरलीचे यजमान ते, धाकटीचा मी. माझ्या अंगाची हळदही उतरली नव्हती तेव्हा त्यांनी मला मांडवाच्या कोपऱ्यात घेऊन विचारलं, "मास्तर, तुमचं अक्षर कसं हाये?" चांगलं आहे, असं मी भोळेपणानं सांगितलं. त्या एका उत्तराची शिक्षा मी चाळीस वर्षं भोगतो आहे. क्लबचे तहहयात सेक्रेटरी ते, आणि क्लबचा इतिहास लिहायचा मी. आजवर तो मी दहा वेळा लिहिला. प्रत्येक वेळी कुणीतरी जुना खेळाडू चहाच्या टपरीवर भेटतो, काहीतरी नवं आठवतो, आणि साडभाऊ दुसऱ्या दिवशी कोरी वही घेऊन दारात हजर होतात. मी थकलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

हा इतिहास ते कुणालाही ऐकवतात. रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरांना ऐकवतात, आणि ऐकवताना आवेशात येतात, त्यामुळे त्यांचा खरा रक्तदाब किती हे नांदुऱ्यात कुणालाच माहीत नाही. मुलीला पाहायला आलेल्या स्थळाला सगळे पगार, शेती विचारत असताना यांनी एकच प्रश्न केला, "कोनत्या पायानं मारता?" मुलगा बिचारा म्हणाला, "मी क्रिकेट खेळतो." साडभाऊ दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. लग्न झालं, जावई गुणी निघाला, नातवंडं झाली, पण आजही जावयाचा विषय निघाला की ते म्हणतात, "मानूस चांगला हाये, पन..." आणि पुढचं गिळतात.

क्लबचा उगम मात्र खरोखरच सांगण्यासारखा आहे. कलकत्त्याकडचे एक पार्सलबाबू बदली होऊन नांदुरा स्टेशनात आले, ते सोबत एक चेंडू घेऊनच. संध्याकाळी गाड्यांमधल्या वेळात त्यांनी गावातली पोरं गोळा केली आणि एकेक नियम शिकवायला सुरुवात केली. निम्मे नियम शिकवून झाले आणि बाबूंची पुन्हा बदली झाली. राहून गेलेल्या नियमांत ऑफसाइड होता. चेंडू येण्याआधीच समोरच्यांच्या गोलापाशी जाऊन उभं राहायचं नसतं, हे आमच्या गावाला कुणी सांगितलंच नाही. त्यामुळे क्लबनं पुढं अकरा वर्षं दोन धष्टपुष्ट गडी कायम तिथंच उभे ठेवले. एक तर म्हणे तिथं उभ्याउभ्या शेंगा खायचा. मग अकोल्याला पहिला बाहेरगावचा सामना झाला. आमच्यांनी नऊ गोल मारले आणि पंचांनी नऊच्या नऊ रद्द केले. समोरच्यांनी दोन मारले. गावात परतल्यावर मिरवणूक निघाली ती जिंकल्याची, कारण पंच आजारी असावा असं सर्वानुमते ठरलं होतं. इतिहासात मी शून्य-दोन लिहिलं तर साडभाऊंनी वही परत माझ्या अंगावर टाकली. "नऊ गोल जाळीत गेले का नाई गेले? मंग? जाळीले समजते, त्या पंचाले नाई समजत?"

पण हाच माणूस पोटापाण्याला बाजार समितीत मापारी होता, आणि काट्यावर उभा राहिला की मुंगीइतकंही इकडचं तिकडं होऊ देत नसे. कापसाच्या मोसमात गाड्यांची रांग बाजारातून ओसंडून थेट आमच्या मैदानावर येई, आणि खेळ उरलेल्या जागेत चाले. एकदा जोरात मारलेला चेंडू कापसानं भरलेल्या ट्रॉलीत शिरला तो शिरलाच. पोरांनी कोपरापर्यंत हात घालून पाहिलं, मालक ओरडायला लागला, शेवटी ट्रॉली चेंडूसकट काट्यावर गेली. साडभाऊंनी वजन केलं, पावतीवर लिहिलं, आणि खाली वेगळी ओळ घालून त्यातून साडेचारशे ग्रॅम वजा केले. कशाचे, असं व्यापाऱ्यानं विचारलं तर म्हणाले, "क्लबचे." चेंडू जिनिंग कारखान्याच्या अंगणात सापडला तेव्हा त्यांनी तो तिथल्याच तराजूत घातला, आणि तो साडेचारशेच्या थोडा आत भरल्याचं त्यांना पुढं कितीतरी दिवस लागून राहिलं होतं.

तर या माणसाला मागच्या वर्षी नगरपरिषदेचा कागद आला. मैदानावर भाजीबाजाराचे ओटे बांधायचे आहेत. कुणी संस्था मैदान वापरत असेल तर तिनं आपला इतिहास आणि सध्या खेळणाऱ्या अकरा जणांची नावं सह्यांनिशी पंधरा दिवसांत द्यावी. मैदान जाणार म्हणून मी हादरलो. साडभाऊ मात्र खूश. इतिहास मागणारं माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं. माझ्याकडून चार दिवसांत दहावा इतिहास लिहून घेतला. मग यादी करायला बसलो, आणि सातव्या नावावर पेन अडलं.

खेळणारे सात होते. गादीवाल्या चाचांचा सलीम, बुद्धविहारामागचे दोघे भाऊ, स्टेशनावर समोसे विकणारा एक, आणि कॉलेजातले तिघं. बाकीचे पुण्याला, सुरतेला, कुठंकुठं कामाला गेलेले. साडभाऊ मुदतीतले उरलेले दिवस घरोघर हिंडले. कुणी हो म्हणालं नाही असं नाही, पण हो म्हणणारा दुसऱ्या दिवशी मैदानात दिसला पाहिजे, ही यांची अट. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "साडभाऊ, माझं नाव टाका, जावयाचं टाका, दोन शेजारी धरा. झाले अकरा."

"तुमी कधी चेंडूले पाय तरी लावला का?"

नगरपरिषदेतला बाबूही भला होता. सात नावं पाहून हळूच म्हणाला, "काका, चार सह्या कोनाच्याही आना ना. कोन पाह्यते?"

"मी पाह्यतो ना," साडभाऊ म्हणाले, आणि सात नावांचा कागद देऊन बाहेर आले.

मैदान गेलं. अर्ज अपूर्ण म्हणून फेटाळला. थोड्याच दिवसांत गोलाचे खांब उपटून कुंपणाला टेकवले गेले आणि ओट्यांसाठी चर खणायला सुरुवात झाली. एका सकाळी मी गेलो तर साडभाऊ खणलेल्या मातीच्या ढिगाशेजारी दगडावर बसले होते. मला राग आवरला नाही. चाळीस वर्षांत मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. नऊ गोलांसाठी माझ्याशी अर्धं आयुष्य भांडलात, आणि चार सह्यांसाठी सगळं मैदान घालवून बसलात, असं बरंच काही बोललो.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, ते चार नावं टाकले असते ना, तर मले रोज सकाळी अकरा जनांची वाट पाहा लागली असती. सातांचीच पाहून पाहून थकलो मी."

हा माणूस मला फार प्रिय आहे, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आणि तेव्हाही सांगता आलं नाही. मी फक्त म्हटलं, "चला, चहा घेऊ."

ते लगेच उठले. इतक्या वर्षांत त्या मैदानावरून ते एका हाकेत उठलेले मी पहिल्यांदाच पाहिले, आणि मला ते मुळीच बरं वाटलं नाही.