आईनंतर आलेलं घुबड

आई गेली ती संक्रांतीच्या आठवड्यात. आजारी अशी नव्हती. दुपारी जेवून पडली आणि चहाच्या वेळी मी हाक मारली तर उठली नाही. लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत आम्ही दोघीच राहायचो. वडील मी कॉलेजात असतानाच गेले, पुढे माझं लग्न झालं नाही, त्यामुळे घर म्हणजे आई आणि आईसाठी घर म्हणजे मी.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. गावाहून आलेली मावशी तेवढी माझ्यासोबत राहिली होती. ऑफिसला जायचं होतं, पण पाय निघत नव्हता. अशाच एका सकाळी गॅलरीत कावळ्यांचा नुसता कालवा ऐकू आला. वाटलं, भात शोधायला आले असतील. आई रोज कठड्यावर त्यांच्यासाठी शिळा भात ठेवायची. मी दार उघडलं, तर काहीतरी पांढरं माझ्या खांद्याला घासून आत शिरलं, भिंतीवर आपटलं आणि कपाट नि पलंग यांच्या मधल्या फटीत पडलं.

वाकून पाहिलं. पिंपळपानाच्या आकाराचा पांढरा चेहरा आणि त्यात दोन काळेभोर डोळे. घुबड होतं.

"गे बाय माझे!" मावशी किंचाळली. "घुबड घरात इला! ह्या काय बरा नाय हां. आधीच घरातला माणूस गेला." तिने हुसकवायला केरसुणीच उचलली.

"मावशी, थांब. त्याला लागलंय."

त्याचा एक पंख मिटत नव्हता. आणि बाहेर कठड्यावर कावळे टपून बसलेले. बाहेर काढलं असतं तर त्यांनी फाडून खाल्लं असतं. पण खरं सांगायचं तर त्याला हात लावायचा धीर मलाही होत नव्हता.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या खोलीतल्या काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. काकी आणि आई कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण तेच, आईचे कावळे. काकींच्या मुलीच्या साखरपुड्याची साडी गॅलरीत हवा लागायला टाकली होती आणि कावळ्यांनी ती घाण केली. दोघींचं जे वाजलं, ते खालच्या मजल्यावरच्यांनीही ऐकलं. तेव्हापासून समोरासमोर आल्या की एक उजवीकडे बघायची, दुसरी डावीकडे. आई गेली त्या दिवशी मात्र सगळ्यांत आधी चहाचं पातेलं काकींनीच आणून ठेवलं होतं. काही न बोलता आल्या आणि तशाच गेल्या होत्या.

"काय झालं गं?" त्यांनी विचारलं.

"घुबड शिरलंय, काकी."

त्या आत आल्या, फटीत डोकावल्या. मग मावशीकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "ताई, शकुन-अपशकुन आमच्याकडे कुणी मानत नाही. आणि मानायचंच म्हटलं, तर वाईट व्हायचं ते आधीच झालं ना? हे बिचारं नंतर आलं. त्याच्यावर कशाला ढकलता?"

मावशीने केरसुणी खाली ठेवली.

काकींनी दोरीवरचा टॉवेल ओढला आणि जमिनीवर बसल्या. घुबड सापासारखं फुत्कारलं. "ओरड बाबा, ओरड," त्या म्हणाल्या, "मी तुझ्या जागी असते तर मीही ओरडले असते." टॉवेल टाकून त्यांनी ते अलगद उचललं. मी मिक्सरचा रिकामा खोका काढून त्याला कात्रीने भोकं पाडली. मावशी बराच वेळ लांबून बघत होती. शेवटी स्वतःच उठली आणि खोक्याला बांधायला सुतळी घेऊन आली.

परळच्या जनावरांच्या दवाखान्यात जायला मी आणि काकींनी टॅक्सी केली. ड्रायव्हरने विचारलं, "क्या है अंदर?"

"उल्लू," मी म्हटलं. वाटलं, आता खाली उतरवतो.

"लक्ष्मी का वाहन है," तो म्हणाला. त्याने रेडिओ बंद केला आणि प्रत्येक स्पीडब्रेकर इतका हळू पार केला की मागचे हॉर्न वाजवू लागले.

खोका काकींच्या मांडीवर होता. भायखळ्याहून येणाऱ्या गाड्यांमध्ये आम्ही अडकलो, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "तुझी आई सकाळी उठली की खोकायची. भिंतीतून ऐकू यायचं. मी म्हणायची, उठली बाई, आता मीही उठते. बोलत नव्हतो आम्ही, पण माझं घड्याळ तीच होती." खोका सावरत म्हणाल्या, "हल्ली मला वेळेवर जागच येत नाही."

मी खोक्यावरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पंख उलगडून दाखवला. संक्रांतीचा मांजा आत रुतला होता. "टाके घालावे लागतील," त्या म्हणाल्या, "पण हाड शाबूत आहे. उडेल परत. बरं झालं तुम्ही लगेच आणलंत."

दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसला जाऊ लागले. निघताना काकींच्या दाराची कडी वाजवायची आणि विचारायची, "उठलात का?" आतून त्या ओरडायच्या, "कधीच!" तेव्हा त्या अंथरुणातच असायच्या, हे आवाजावरून कळायचं. संध्याकाळी दवाखान्याला फोन करून घुबडाची खबर मी त्यांना सांगायची. आज खाल्लं, आज पिंजऱ्यात इकडून तिकडे उडालं. मावशी गावाला परतली, पण तिचाही फोन यायचा: "तुझा घुबड कसा आसा?"

होळीच्या आधी दवाखान्यातून बोलावणं आलं. ज्या भागात सापडलं, त्याच भागात सोडायचं होतं. बंद पडलेल्या एका गिरणीच्या मागच्या बाजूला अजून जुनी झाडं आहेत, तिथे दिवेलागणीच्या सुमारास मी, काकी आणि दवाखान्यातले लोक असे जमलो. पलीकडे काचेच्या टॉवरमधल्या ऑफिसांत दिवे लागत होते. पिंजऱ्याचं दार उघडलं, तरी घुबड बराच वेळ जागचं हललं नाही. मान फिरवून आम्हा सगळ्यांकडे पाहत राहिलं. काकी पुटपुटल्या, "जा की आता. किती पाहुणचार घेशील?"

आणि ते गेलं. पंखांचा जरासुद्धा आवाज नाही. चिंचेच्या झाडावर क्षणभर टेकलं, मग गिरणीच्या छपरावरून पलीकडे दिसेनासं झालं. काकी पदराने डोळे पुसत होत्या आणि मला सांगत होत्या की धूळ फार आहे इथे.

चाळीत परतल्यावर मी कुलूप काढायला लागले, तर त्यांनी माझी पर्स ओढली. "आत ये. मांदेलीचं कालवण केलंय."

आई गेल्यापासून मी मासळी खाल्लीच नव्हती. कुणी मना केलं नव्हतं, पण एकटीसाठी कोण आणून साफ करणार? काकींनी ताट वाढलं आणि समोर बसल्या.

"त्या दिवशी आई तुम्हाला नक्की काय म्हणाली होती हो? साडीवरून?" मी विचारलं.

"म्हणाली, कावळ्यांना काय ठाऊक तुमच्या घरात साखरपुडा आहे, आमंत्रण दिलं होतं का त्यांना?" आईसारखे कमरेवर हात ठेवून काकींनी सांगितलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मला ठसका लागला.

"सावकाश, काटे आहेत," त्या म्हणाल्या. मी मान खाली घालून जेवत राहिले. ताटातला भात संपला, तेव्हा आणखी मागून घेतला.