तुमचा वेळ घेऊन जा

एर्मेलिंडा चोविसाव्या वर्षी पोर्तुगाल सोडून इंग्लंडला गेली, एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. पहिल्याच दिवशी चादरींच्या घड्या घालताना तिची त्रेधा उडाली, तेव्हा मुकादमीणबाई म्हणाल्या, "टेक युअर टाइम."

तिनं खिशातल्या शब्दकोशातून एकेक शब्द लावला. घे, तुझा, वेळ. म्हणजे उचल चंबूगबाळं आणि चालू लाग! एप्रन सोडून, डोळे पुसत तिनं बसथांबा गाठला. बाई धापा टाकत मागून आल्या आणि हाताला धरून तिला परत घेऊन गेल्या. सावकाश होऊ दे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. आपल्याला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं, हे एर्मेलिंडाला तेव्हा जाणवलं.

सव्वीस वर्षांनी ती मिन्यो नदीकाठच्या आपल्या गावी परतली आणि बेकरीच्या काउंटरवर उभी राहू लागली. गिऱ्हाईक घुटमळलं, की तेच वाक्य ती पोर्तुगीजमध्ये म्हणायची, "लेव्ह उ सेउ टेंपु." गावाला ते "तुमचा वेळ घेऊन जा" असं ऐकू यायचं.

"कागदात बांधून देतेस की पिशवीत?" पोस्टमन रोज विचारायचा.

निवृत्त मास्तरीण प्राझेरेस वैतागायच्या. "अगं, आपल्या भाषेत असं नाही म्हणत. 'शांतपणे' म्हण."

"बाई, 'शांत हो' म्हटलं की माणूस उलट बिथरतो. माझ्या नवऱ्यानं मला वर्षानुवर्षं म्हणून पाहिलंय."

सेन्योर अबिलियू एके काळी गुरांच्या बाजारात बोली पुकारायचे. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचे शब्द अडकू लागले. मुलगी लुसिंदा चिठ्ठी लिहून द्यायची: मऊ पाव, चार. ते मुकाट्यानं चिठ्ठी पुढे सरकवत.

एका सकाळी एर्मेलिंडानं ती उचललीच नाही. "काय देऊ, सेन्योर अबिलियू? तुमचा वेळ घेऊन जा."

म्हातारा लाल झाला. मागची रांग चुळबुळली. प्राझेरेसबाईंनी मात्र वळून सगळ्यांवर वर्गातली जुनी नजर टाकली, तशी रांग गप्प झाली.

"म... म... मक्याचा," अबिलियू म्हणाले. "ज... जाड सालीचा."

दुपारी लुसिंदा तणतणत आली. "बाबांना मक्याचा पाव कुणी दिला? त्यांना मऊच लागतो!"

"त्यांनीच मागितला."

"बोलून?"

"बोलून."

"किती वेळ लागला?"

"घड्याळाकडे नाही बघितलं मी."

लुसिंदा काउंटरला टेकून उभी राहिली. दोन वर्षं ती स्वतःच ठरवत आली होती, बाबांना काय चावता येईल नि काय आवडेल ते.

दुसऱ्या दिवशी बापलेक दोघं आले. चिठ्ठी नव्हती. बाबांचा शब्द अडला तशी लुसिंदानं तोंड उघडलं आणि लगेच ओठ घट्ट मिटले. अबिलियूंनी पाव मागितला, मग लोणी मागितलं, आणि मग काल दिलेला पाव जरा करपला होता, हेही त्यांनी सावकाश, पुरतं सांगितलं.